डोहाळजेवण, बेबी शॉवर आणि ड्रिंक्स: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

न्यू जर्सीत गेली बारा वर्षं मी डोहाळजेवणं करून देते आहे. आधी मैत्रिणींची, मग त्यांच्या जावा-नणंदांची, आता ओळखीच्या ओळखीतून येणाऱ्यांचीही. फुलांची वाडी, ओटीचं सामान, झोपाळा, जेवणाचा बेत सगळं ठरतं आणि मग फोनवर आवाज जरा खाली येतो: "ताई, आणि ड्रिंक्सचं काय करायचं?" हा प्रश्न ज्या ज्या रूपात माझ्यापर्यंत आला, ती सगळी रूपं इथे आहेत. घरात घ्यायची रीत असो वा नसो, मी एकाच गोष्टीकडे बघते: जिचा हा दिवस आहे ती त्या दिवशी कोपऱ्यात पडता कामा नये.

१. डोहाळजेवणात दारू चालते का मुळात?

ओटी, औक्षण आणि वाडी सुरू असताना नाही. एरवी ज्या घरात शनिवारी सर्रास "बसतात", तिथेही निरांजनाच्या ताटाशेजारी बाटली ठेवलेली मी कधी पाहिली नाही, आणि तसं कुणाला सांगावंही लागत नाही. प्रश्न उरतो तो नंतरच्या जेवणाचा, किंवा संध्याकाळी मित्रमंडळी येतात त्या भागाचा. तिथे शास्त्र आडवं येत नाही. घराची रीत आणि माणसं बघून ठरवायचं. ते कुणी ठरवायचं, हे प्रश्न ३ मध्ये.

२. इथले अमेरिकन लोक बेबी शॉवरला ड्रिंक्स ठेवतात का? ऑफिसच्या मैत्रिणी अपेक्षा धरतील का?

काही ठेवतात, काही नाही, आणि नसली तर कुणी नाव ठेवत नाही. जुन्या पद्धतीचा शॉवर म्हणजे दुपारी बायकाबायकांनी जमायचं, केक, छोटी सँडविचेस, पंच आणि भेटवस्तू उघडणं. हल्ली नवरा-बायको दोघांसाठी मिळून शॉवर होतो, त्यात मिमोसा म्हणजे संत्र्याचा रस आणि स्पार्कलिंग वाईन, किंवा बिअर असते. पाहुण्यांनी स्वतःचे पैसे देऊन ड्रिंक घ्यायचं ही पद्धत मात्र शॉवरला वाईट दिसते. ठेवायची तर यजमानांनी द्यायची, नाहीतर ठेवूच नये.

एक फरक लक्षात घ्या. त्यांच्याकडे शॉवर मैत्रिणीने करायचा अशी जुनी रीत आहे, कारण आईने किंवा सासूने केला तर भेटी मागितल्यासारखं वाटतं. आपल्याकडे डोहाळजेवण माहेर किंवा सासर करतं. त्यामुळे त्यांच्याकडे जो निर्णय एका मैत्रिणीचा असतो, त्यात आपल्याकडे चार वडीलधारी असतात.

३. मग ठेवायची की नाही हे ठरवायचं कुणी?

आधी गर्भवतीने. तिचं "नाही" आलं की विषय संपला, खर्च कुणीही करत असो. पण तिला हे चारचौघांत विचारू नका. नवऱ्याचे मित्र समोर असताना "तुला चालेल ना गं?" म्हटलं की ती "हो, मला काय" असंच म्हणणार. दोघंच असताना विचारा, आणि "तुला वास सहन होतोय का?" हेही विचारा. सातव्या महिन्यातही काहीजणींना बिअरच्या वासाने मळमळतं. तिने होकार दिला की मग ज्यांचं घर आहे त्यांचा शब्द. त्यानंतर बाकीचे.

४. सकाळी डोहाळजेवण आणि त्याच दिवशी बेबी शॉवरही आहे. बाटल्या कधी काढायच्या?

दोन्हींच्या मध्ये स्पष्ट खूण हवी. मी करते ते असं: ओटी भरून झाली, झोपाळ्यावरचे फोटो झाले, पेढा-बर्फीच्या वाट्या उघडून झाल्या, की तिला आत नेऊन हिरवी साडी आणि फुलांचे दागिने उतरवायला अर्धा-पाऊण तास देते. तिचे पाय सुजलेले असतात, तिला तेवढा वेळ आडवं व्हायचंच असतं. तेवढ्यात देवाजवळचं सामान, ओटीचे तांदूळ-नारळ, समई सगळं आवरून दुसऱ्या खोलीत जातं. ती कपडे बदलून बाहेर आली की दुसरा भाग सुरू. ज्या मोठ्या माणसांना थांबायचं नसतं त्यांना या मधल्या वेळात चहा घेऊन सहज निघता येतं, कुणाला अवघडल्यासारखं होत नाही.

५. भारतातून सासू-सासरे आलेत. त्यांच्यासमोर कसं करायचं?

आधी सांगून. त्या दिवशी अचानक फ्रिज उघडल्यावर कळलं, तर त्यांना दारूपेक्षा लपवल्याचं जास्त लागतं. मुलाने सांगावं, सुनेवर ते काम टाकू नये. "आई, संध्याकाळी माझे ऑफिसचे लोक येणार आहेत, त्यांच्यासाठी थोडी वाईन आणि बिअर असेल. ओटीचा कार्यक्रम सकाळीच आहे," एवढं पुरतं. त्या नाही म्हणाल्या तर एक संध्याकाळ पन्ह्यावर काढा. सासूबाई हजारो मैल प्रवास करून ओटी भरायला आल्या आहेत, आणि तुमचे मित्र पुढच्या शनिवारीही इथेच असणार आहेत. बरेचदा उलटंही होतं: सासरे स्वतःच "मला थोडी चालेल" म्हणतात.

६. "एका घोटाने काय होतंय" असं मावशी म्हणतात. गर्भवतीने टोस्टपुरता घोट घेतला तर?

घेऊ नये, आणि तिला आग्रह करणाऱ्याला तिथल्या तिथे थांबवावं. आईच्या रक्तातली दारू वारेतून बाळापर्यंत जाते, आणि बाळाचं यकृत तिचा निचरा करण्याइतकं तयार झालेलं नसतं. गरोदरपणातल्या दारूमुळे बाळात दिसणाऱ्या दोषांना १९७३ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात नाव मिळालं, १९८१ मध्ये अमेरिकेच्या सर्जन जनरलने, म्हणजे सरकारच्या सार्वजनिक आरोग्याच्या प्रमुख डॉक्टरांनी, गर्भवतींना दारू टाळायला सांगितलं, आणि १९८९ पासून इथल्या प्रत्येक बाटलीवर तो इशारा छापावा लागतो. किती घेतली तर सुरक्षित, असं प्रमाण वैद्यकाला सापडलेलं नाही. मावशी प्रेमाने म्हणतात, त्यांच्या लहानपणी घरात सर्दीला ब्रँडीचा चमचा असायचा. त्यांना तसंच प्रेमाने "डॉक्टरांनी सांगितलंय" म्हणा.

याची दुसरी बाजू: दिवस गेलेत हे कळायच्या आधी हिने एखाद्या लग्नात वाईन घेतलेली असू शकते, आणि ती काळजी ती मनात घेऊन फिरत असते. त्याबद्दल तिने तिच्या डॉक्टरांशी बोलावं. समारंभात तो विषय कुणी चेष्टेतही काढू नये.

७. मग तिच्या हातात काय द्यायचं?

या प्रश्नावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवते.

काही वर्षांपूर्वी जूनमधल्या एका समारंभाला मी वाडी भरायला गेले होते. संध्याकाळी पाहुणे गॅरेजमध्ये कूलरभोवती जमले. बर्फात बिअर, टेबलावर वाईनचे उंच काचेचे ग्लास, लिंबाच्या चकत्यासुद्धा कापलेल्या. हिच्यासाठी कागदाच्या कपात स्प्राइट होतं. झोपाळ्यावर बसून ती कपाच्या कडा नखाने सोलत होती, आणि स्प्राइट कोमट झालं होतं. कुणी दुष्ट नव्हतं, कुणाला सुचलं नव्हतं इतकंच. त्या दिवसापासून मी आधी तिचा ग्लास ठरवते, बाकीचं मागून.

ग्लास सगळ्यांसारखाच काचेचा हवा, आणि पेय करायला वेळ घेतलेलं हवं. कोकम आगळ मला फार उपयोगी पडतं: दोन चमचे आगळ, थोडी साखर, भाजलेल्या जिऱ्याची पूड, वर गार सोडा. रंग थेट रेड वाईनचा येतो. आगळात मीठ असतं, म्हणून वेगळं घालू नका. कैरीचं पन्हं केशर-वेलदोडा घालून, काठाला मीठ-तिखट लावून दिलं की फोटोतही देखणं दिसतं. सोलकढी जेवणाबरोबर. आणि हे फक्त तिच्यासाठी करू नका. मोठा जग भरून सगळ्यांसाठी ठेवा, म्हणजे ती "वेगळं पिणारी" राहत नाही. माझा अनुभव असा की बिअर उरते आणि पन्हं संपतं.

साखरेचं आधी विचारा. इथे गर्भावस्थेतल्या मधुमेहाची तपासणी २४ ते २८ आठवड्यांत होते, म्हणजे नेमकी डोहाळजेवणाच्या आसपास. तिचा रिपोर्ट वाढीव आला असेल तर पन्हं आणि सरबतं तिला चालणार नाहीत. मग ताक, बिनसाखरेची सोलकढी, किंवा मीठ-जिरं घातलेला लिंबूसोडा. अननसाचं मॉकटेल मात्र मी टाळते. थोड्या अननसाने काही होत नाही, पण आजेसासूबाईंच्या डोळ्यांत त्या दिवशी काळजी कशाला?

८. नॉन-अल्कोहोलिक बिअर, कोम्बुचा, मॉकटेल हे सगळं तिला सुरक्षित ना?

नाव बघून ठरवू नका, लेबल वाचा. अमेरिकेत "नॉन-अल्कोहोलिक" लिहिलेल्या बिअरमध्ये ०.५ टक्क्यापर्यंत अल्कोहोल असू शकतं. अजिबात नको असेल तर ०.० लिहिलेली शोधा. कोम्बुचा म्हणजे आंबवलेला चहा, त्यातही थोडं अल्कोहोल तयार होतं.

मॉकटेलमध्ये तीन गोष्टी चुकून जातात. बिटर्स, म्हणजे कॉकटेलमध्ये थेंबभर घालायचा कडवट अर्क: त्याच्या बाटलीत बरेचदा चाळीस टक्क्यांच्या आसपास अल्कोहोल असतं. टॉनिक वॉटर: त्यात क्विनीन हे औषधी द्रव्य असतं, गरोदरपणात साधा सोडा बरा. आणि शरद ऋतूत शेतावरून आणलेलं अ‍ॅपल सायडर: इथे त्याचा अर्थ सफरचंदाचा न गाळलेला रस, दारू नव्हे, पण ते पाश्चराइज केलेलं, म्हणजे तापवून जंतू मारलेलं, नसेल तर गर्भवतीला देऊ नये.

९. केकमध्ये रम आहे. शिजल्यावर उडून जाते ना?

पूर्ण नाही. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या तक्त्यानुसार पदार्थात मिसळून पंधरा मिनिटं शिजवलं तर सुमारे ४० टक्के अल्कोहोल उरतं, तासाभराने २५ टक्के, अडीच तासांनी ५ टक्के. तिरामिसू या इटालियन गोड पदार्थात तर ते शिजतच नाही, आणि रममध्ये भिजवलेल्या फ्रूटकेकमध्ये भाजल्यानंतर वरून घातलेलं असतं. तिच्या समारंभाचा केक तिला खाता आलाच पाहिजे, तेव्हा ऑर्डर देतानाच "अल्कोहोल नको" सांगा.

१०. किती आणायची?

कमी. इथे एक ड्रिंक म्हणजे ३५५ मिली बिअर, साधारण १५० मिली वाईन किंवा ४४ मिली व्हिस्की-रम. घेणाऱ्या प्रत्येक माणसामागे दोन ड्रिंक धरा, वाईन आणि बिअरवर थांबा. व्हिस्कीची बाटली टेबलावर आली की संध्याकाळ त्या टेबलाभोवती फिरते आणि रात्री अकरापर्यंत हलत नाही. गर्भवतीला नऊला झोप येते.

११. कुणी जास्त घेतली आणि गाडी घेऊन निघाला, तर जबाबदार कोण?

तुम्हीसुद्धा. न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये 'केली विरुद्ध ग्विनेल' खटल्यात हे स्पष्ट केलं. एका माणसाने मित्राच्या घरी दारू घेतली, यजमान त्याला गाडीपर्यंत सोडायला आला, आणि वाटेत समोरून येणाऱ्या गाडीला धडक बसून एक बाई जखमी झाली. पाहुणा झिंगलेला आहे आणि तो गाडी चालवणार आहे हे माहीत असूनही त्याला दारू पाजत राहिलेला यजमान नुकसानभरपाईला जबाबदार धरला जाऊ शकतो, असं न्यायालय म्हणालं. प्रत्येक राज्याचा कायदा वेगळा आहे, तुमच्या राज्याचा आधी बघून घ्या.

म्हणून मी यजमानांना सांगते: ओतायचं काम एका माणसाकडे द्या, आणि त्याने स्वतः घेऊ नये. शेवटचा ग्लास निघायच्या बराच आधी. शरीराला एक ड्रिंक निचरायला साधारण एक तास लागतो, कॉफीने किंवा गार पाण्याने तो वेळ कमी होत नाही. किल्ली मागायची वेळ आली तर नवऱ्याने मागावी. "आज इथेच झोप, सकाळी पोहे खाऊन जा" असं म्हटलं की सहसा कुणी वाद घालत नाही. गर्भवतीला त्या रात्री कुणी घरी पोचला की नाही याची वाट बघत जागायला लावू नका.

१२. हॉल, मंदिर, रेस्टॉरंट, पार्क: कुठे काय चालतं?

मंदिराच्या हॉलमध्ये नाही, विचारूही नका. भाड्याच्या हॉलमध्ये करार वाचा. अनेक ठिकाणी परवानाधारक बारटेंडर आणि विम्याची अट असते. न्यू जर्सीत मद्यपरवाना नसलेल्या पुष्कळ रेस्टॉरंट्समध्ये आपली वाईन किंवा बिअर नेता येते, गावाचा नियम आड येत नसेल तर. व्हिस्की-रम नेता येत नाही. राज्याच्या स्टेट पार्कमध्ये दारूला मनाई आहे. काउंटी पार्कचं त्या त्या कार्यालयात विचारा.

१३. भाचा १९ वर्षांचा आहे. पुण्यात घरी बिअर घेतो म्हणे. इथे द्यायची का?

नाही. अमेरिकेत वय २१, आणि देणाऱ्यावरही गुन्हा होतो. पुण्याचा दाखलाही चालणार नाही, कारण महाराष्ट्रात बिअरसाठी २१ आणि कडक दारूसाठी २५ वर्षं लागतात.

१४. नवऱ्याच्या मित्रांना "डायपर पार्टी" करायची आहे. ते काय असतं? त्याच दिवशी करावं का?

मित्र डायपरची पाकिटं घेऊन येतात, यजमान बिअर आणि खाणं देतो. कल्पना चांगली आहे, घरात दोन-तीन महिन्यांचे डायपर जमतात. पण वेगळ्या दिवशी करा. एकाच दिवशी आत बायका आणि बाहेर बिअर अशी फाळणी झाली की नवरा दर दहा मिनिटांनी बाहेर जातो, आणि बाळाच्या बापाने ज्या खुर्चीत बसायचं ती रिकामी राहते. वेगवेगळ्या मापांचे डायपर आणायला सांगा. नवजात बाळाचं माप फार लवकर अपुरं पडतं.

१५. टोस्ट कसा करायचा? दारू नसेल तर विचित्र वाटेल का?

ग्लास पन्ह्याचा असला तरी उंचावता येतो. त्यापेक्षा आपल्याकडे उखाणा आहे. नवऱ्याला घ्यायला लावा, अमेरिकन पाहुण्यांना अर्थ सांगा, सगळे टाळ्या वाजवतात. मी लिहून दिलेला एक, नाव तुम्ही घाला:

हाताला मेंदी, फुलांचा झोपाळा,
….च्या शेजारी बसून सांगतो, वेळेवर ये बाळा.

१६. एखादी पाहुणी ग्लास नको म्हणाली तर "गुड न्यूज का?" विचारलेलं चालतं का?

कधीच नाही. डोहाळजेवणाला आलेल्या बायकांमध्ये कुणी उपचार घेत असते, कुणाचा नुकताच गर्भपात झालेला असतो आणि तिने घरीसुद्धा सांगितलेलं नसतं. कुणी दारू सोडलेली असते. तो प्रश्न तिला सगळ्यांसमोर उघडं पाडतो. मी एका मुलीला असं विचारलेलं ऐकलं आहे. ती हसली, आणि नंतर ओटीचे तांदूळ आवरायच्या निमित्ताने आत येऊन माझ्यासमोर रडली. ग्लास नको म्हटलं की "मग कोकम देऊ?" एवढंच विचारायचं.

१७. पाहुणी म्हणून जाताना वाईनची बाटली नेऊ का?

यजमानांना नेता येईल, त्यांच्याकडे ठेवणार आहेत हे माहीत असेल तर. गर्भवतीसाठी नको. "बाळ झाल्यावर उघड" अशी चिठ्ठी लावून देणारे असतात. जवळची मैत्रीण असेल तरच, आणि सासरच्यांसमोर उघडायला लावू नका.

१८. आमंत्रणात लिहावं का?

दोन्ही भागांच्या वेळा लिहा, तेच पुरतं: "ओटी आणि वाडी सकाळी १० ते १, जेवणासह. संध्याकाळी ६ पासून मित्रमंडळींबरोबर गप्पा." बाटलीचं चित्र नको. कुणी विचारलं तर खरं सांगा.

१९. आम्ही नागपूरला डोहाळजेवण करतोय, इथले मित्रही येणार. तिथे काय पाहायचं?

महाराष्ट्रात दारू पिण्यासाठीही परवाना लागतो, १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार. हॉलमध्ये द्यायची असेल तर राज्य उत्पादन शुल्क विभागाकडून एक दिवसाचा परवाना काढावा लागतो, तो हॉलवाल्याला आधीच विचारा. तारीख पाहताना ड्राय डेही पाहा, आषाढी एकादशी त्यात येते. नागपूरहून शेजारच्या वर्ध्यात कार्यक्रम हलवला तर तिथे जिल्हाभर दारूबंदी आहे. गाडी चालवणाऱ्यांसाठी भारताची मर्यादा अमेरिकेपेक्षा बरीच कडक आहे: १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम, इथे बहुतेक राज्यांत ८०.

२०. बाळ झालं. बारशाला आता ती घेऊ शकते का? अंगावर पाजते आहे.

आधी तिच्या डॉक्टरांना विचारा. बाळ अपुऱ्या दिवसांचं असेल तर उत्तर वेगळं येऊ शकतं. इथल्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेचा सल्ला असा: न घेणं सगळ्यात सुरक्षित. घेतली तर दिवसाला एका ड्रिंकपेक्षा जास्त नको, आणि त्यानंतर पाजायला निदान दोन तास थांबायचं. दूध काढून फेकल्याने अल्कोहोल लवकर जात नाही, ते रक्ताबरोबरच उतरतं. बाळ शेजारी घेऊन झोपत असाल तर त्या रात्री तसं झोपू नका. तिला एक ग्लास हवाच असेल तर पाळणा म्हणून, नाव ठेवून, घुगऱ्या वाटून होऊ द्या. मग बाळाला पाजून निजवलं की लगेच तिचा ग्लास भरा, म्हणजे पुढच्या वेळेपर्यंत ते दोन तास मिळतात.